चतुर्दशीचा चंद्र

कोजागिरीच्या रात्रीं आटीव दुधाचें पातेलें गच्चीवर न्यावें, सतरंज्या पसराव्या, आणि नेमकें त्याच वेळीं आभाळ भरून यावें, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस असेल. अशा वेळीं मंडळी काय करितात? कोणी म्हणतो, ढगांआडचा चंद्रही कांहीं वाईट दिसत नाहीं. कोणी म्हणतो, चंद्रापेक्षां चार माणसांची संगत महत्त्वाची. दूध पिऊन सारे खालीं उतरतात, आणि दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्यांस कोजागिरी उत्तम झाली म्हणून सांगतात. फसलेला बेत फसला असें उघड म्हणण्यास मनुष्याचें मन सहसा धजत नाहीं. त्यांतून पदरचे पैसे व पायांचे श्रम खर्चून दूर गेलेल्या प्रवाशाची तर गोष्टच बोलावयास नको. प्रवासवर्णनें वाचूं लागावें तों प्रत्येक सूर्योदय ठरल्या वेळीं होतो, प्रत्येक शिखर धुक्यांतून बाहेर येतें, आणि लेखक जें पाहावयास गेला तें पाहूनच परततो. असा भाग्यवान् वर्ग जगांत दुसरा नसेल.

ज्या लहानशा कृतीविषयीं आम्ही येथें लिहिणार आहों, ती या रीतीस अपवाद आहे. जपानचा कवि मात्सुओ बाशो (१६४४–१६९४) हा १६८७ सालीं शरदऋतूंतील पौर्णिमेचा चंद्र पाहण्यासाठीं एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, पूर्वेकडील काशिमा या गांवीं गेला. एक रात्र नावेंत गेली, एक रात्र मठांत गेली. आणि ज्या रात्रीसाठीं एवढा खटाटोप केला त्या रात्रीं पाऊस पडला. या प्रवासाचें जें वृत्त त्यानें लिहिलें, त्यास ‘काशिमा किको’ असें म्हणतात.

आमच्या वाचकांस बाशोचें नांव नवें नाहीं. शिरीष पै यांनीं हायकू हा रचनाप्रकार मराठींत रुजविल्यापासून त्या चिमुकल्या कवितेबरोबर बाशोचें नांवही आपल्याकडील काव्यप्रेमी मंडळींच्या तोंडीं आलें आहे. परंतु बाशो हा जितका कवि तितकाच प्रवासी होता, आणि त्याचें प्रवासपर गद्य त्याच्या कवितेहून कमी योग्यतेचें नाहीं, ही गोष्ट त्या मानानें कमी परिचयाची आहे. १६८४ ते १६८९ या काळांत त्यानें जे प्रवास केले, त्यांचीं पांच वृत्तें आज उपलब्ध आहेत. त्यांपैकीं शेवटचें, उत्तरेकडील दूरच्या प्रांतांचें ‘ओकु नो होसोमिची’, जगाच्या वाङ्मयांत मान्यता पावलेलें आहे. तो प्रवास सुमारें पांच महिन्यांचा व सुमारें दोन हजार चारशें किलोमीटरांचा होता. त्याच्या शेजारीं ‘काशिमा किको’ ठेवलें तर वडाशेजारीं तुळस ठेवल्यासारखें दिसतें. थोडक्या पानांचें गद्य आणि शेवटीं कांहीं कवितांची माळ, एवढाच त्याचा पसारा. नोबुयुकी युआसा यांच्या १९६६ सालच्या इंग्रजी भाषांतरांत हीं पांचही वृत्तें एकत्र मिळतात. पण मोठ्या ग्रंथाकडे जातांना वाचक या लहानग्यास बहुधा ओलांडून जातो. आमच्या मतें तसें करणें बरोबर नाहीं. प्रवासवर्णनाच्या खरेपणाविषयीं जें हें वृत्त शिकवितें, तें त्या मोठ्या ग्रंथांतही इतक्या उघडपणें सांपडत नाहीं.

प्रथम प्रवासाची हकीकत पाहूं. आरंभींच बाशोस क्योतोच्या तेइशित्सु या जुन्या कवीची आठवण होते. तोही असाच चंद्र पाहण्यासाठीं सुमाच्या किनाऱ्यावर गेला होता. मग सोबत्यांची ओळख होते. ते दोघे, एक धनी नसलेला सामुराई, दुसरा गांवोगांव फिरणारा झेन भिक्षु. पहिला म्हणजे पुढें उत्तरेच्या प्रवासांतही बरोबर असलेला सोरा, व दुसरा सोहा. परंतु गद्यांत त्यांचीं नांवें येत नाहींत. भिक्षूचा काळा वेष कावळ्यासारखा, गळ्यांत झोळी, आणि पाठीवर बुद्धमूर्तीचा लहानसा देव्हारा. तिसरा स्वतः कवि. आपण धड भिक्षु नाहीं आणि धड संसारीही नाहीं, पक्षी आणि उंदीर यांच्या मधल्या वटवाघळाच्या जातीचे आहों, अशी तो स्वतःची थट्टा करितो. पुढें पदरीं येणारी फजिती सांगण्यास लेखकानें असें आधींच स्वतःस खालीं बसवून घेतलेलें बरें असतें. उंच आसनावरून फजिती सांगतां येत नाहीं.

फुकागावा येथील झोपडीच्या दाराशींच ते नावेंत बसले आणि ग्योतोकु येथें उतरले. ग्योतोकु हें मिठागरांचें गांव. तेथील मीठ राजधानींत आणण्यासाठीं तोकुगावा इयेयासुनें कालवा करविला होता, व तो फुकागावाजवळूनच जाई. मीठ ज्या पाण्यानें शहरांत येई, त्याच पाण्यानें हे तिघे शहराबाहेर पडले असें मानण्यास हरकत नाहीं. ग्योतोकुहून घोडा करण्याची सोय असतांही, आपल्या काटकुळ्या पायांचें बळ पाहावें म्हणून ते पायींच निघाले. डोक्यावर काई प्रांतांतील कोणा स्नेह्यानें दिलेल्या हिनोकि लांकडाच्या टोप्या होत्या. यावाता गांव मागें पडल्यावर कामागाइचा विस्तीर्ण माळ लागतो, आणि समोर त्सुकुबा पर्वताचीं दोन शिखरें आकाशांत उभीं राहिलेलीं दिसतात.

येथें बाशोच्या लेखणीचा एक विशेष दिसून येतो, व त्यावर आक्षेपही घेतां येईल. माळ पाहतांच त्यास चीन देशांतील विस्तीर्ण मैदानांचें स्मरण होतें. त्सुकुबाचीं जोडशिखरें पाहतांच चीनमधील लू पर्वतावरील जोडतरवारींच्या शिखरांचें स्मरण होतें. मग आपला शिष्य रान्सेत्सु याची त्सुकुबावरील रचना, मग यामातो ताकेरु या पुराणपुरुषाचें बोलणें, मग हागीचीं फुलें पेट्यांत भरून राजधानीस नेणाऱ्या तामेनाका या जुन्या अधिकाऱ्याची गोष्ट. डोळ्यांपुढें एक वस्तु आली कीं मागून चार ग्रंथ धांवत येतात! नव्या वाचकास हें ओझें वाटल्यास त्यास दोष देतां येणार नाहीं. त्सुकुबाची गोष्ट मात्र वेगळी आहे. अनेकांनीं मिळून रचावयाच्या साखळीकाव्यास जपानांत ‘त्सुकुबाचा मार्ग’ असें म्हणत, आणि चौदाव्या शतकांत झालेल्या त्या काव्याच्या मोठ्या संग्रहाचें नांवही त्सुकुबावरूनच ठेवलेलें आहे. बाशो ज्या काव्यपरंपरेंत वाढला तिचें उगमस्थानच जणूं त्या माळाच्या कडेला उभें होतें. तेथें पूर्वजांस नमस्कार न करितां पुढें जाणें हें त्यास शक्य नव्हतें. पण चीनमधील शिखरांची उपमा केवळ विद्वत्तेची आहे. ती काढली तरी पर्वत एक तसूभरही खुजा होणार नाहीं.

याच माळावर बाशोचें गद्य एकाएकीं स्वच्छ होतें, आणि तें लक्ष देऊन पाहण्याजोगें आहे. हागी जमिनीवर किनखाब अंथरल्यासारखी फुलली आहे. तीत घंटेच्या आकाराचीं जांभळीं फुलें, पिवळे तुरे व उंच गवताचे झुबके मिसळले आहेत. हरिण मादीस हांक देतें. रानघोडे आपल्याच मालकीचें रान असल्यासारखे कळपाकळपानें फिरत आहेत. तोकुगावा सरकारचीं घोड्यांचीं कुरणें याच भागांत होतीं, तेव्हां हे घोडे कांहीं कवीच्या कल्पनेंतले नव्हत. ग्रंथांतून आलेल्या पर्वतापेक्षां हे चरणारे घोडे मनांत अधिक काळ राहतात. विद्वान् बाशो आणि डोळस बाशो असे दोघे या चार पानांत शेजारीं शेजारीं चालत आहेत, आणि जसजसा दिवस मावळत जातो तसतसा पहिला मागें पडतो.

संध्याकाळच्या सुमारास ते तोने नदीकांठच्या फुसा या गांवीं पोंचले. येथील कोळी नदींत बांध व जाळीं घालून साल्मन मासे धरितात व एदोच्या बाजारांत विकतात, एवढी माहिती बाशो देतो, आणि एका कोळ्याच्या घरीं विसांवा घेतल्याचें सांगतो. त्या जागेस मासळीचा वास येत होता, हेंही तो लपवीत नाहीं. चंद्र पाहण्यास निघालेल्या कवीच्या वृत्तांत मासळीचा वास! नाजूक अभिरुचीच्या लेखकानें तो गाळला असता, आणि भावुक लेखकानें त्यावरून कोळ्यांच्या कष्टांवर दोन पानें लिहिलीं असतीं. बाशोनें दोन्ही केलें नाहीं. घटकाभर टेकणाऱ्या पाहुण्यास जितकें कळतें तितकेंच त्यानें लिहिलें; कोळ्याच्या जीवनाचा थांग लागल्याचा आव त्यानें आणला नाहीं. कोळी मंडळी वृत्तांतून लगेच निघून जातात याची चुटपुट आम्हांस लागते खरी. पण जवळीक नसतां जवळीक दाखविण्यापेक्षां ही चुटपुट आम्ही पत्करूं.

ज्या नदीच्या कांठीं ते बसले होते तिचाही इतिहास मनोरंजक आहे. तोने नदी पूर्वीं दक्षिणेस वाहून एदोच्या आखातास मिळत असे. तोकुगावांच्या काळांत मोठीं खोदकामें करून तिचा प्रवाह पूर्वेकडे वळविण्यांत आला, व १६५४ सालीं तें काम पुरें होऊन ती चोशी येथें महासागरास मिळूं लागली. म्हणजे फुसाच्या घाटावरील पाणी तोनेचें म्हणून वाहूं लागल्यास तेव्हां अवघीं तेहतीस वर्षें झालीं होतीं. बाशोच्या वृत्तांत याचा मागमूस नाहीं. त्याच्या लेखीं ती फक्त नदी आहे.

आतां या वृत्तांतील आमच्या मतें सर्वांत महत्त्वाच्या जागेकडे वळूं. ती जागा इतकी लहान आहे कीं पहिल्या वाचनांत ती आमच्याही नजरेंतून सुटली. आकाश स्वच्छ होतें, चंद्र लख्ख होता, म्हणून रात्रींच नाव सोडून ते काशिमास पोंचले, एवढाच त्या वाक्याचा आशय. पुढच्याच वाक्यांत दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडते व पाऊस सुरू होतो. ही नावेंतील रात्र चतुर्दशीची. आपल्याकडील कोजागिरीच्या बहुधा एक महिना आधीं येणारी ती शरदांतील पौर्णिमा दुसऱ्या दिवशीं होती. वाचकांनीं क्षणभर विचार करावा. रुंद नदी, रात्रीची नाव, दोन्ही तीरांवर झोंपलेलीं गांवें, आणि माथ्यावर निरभ्र आकाशांत एक कला कमी असलेला चंद्र! चंद्र पाहण्यासाठीं निघालेल्या तिघांस चंद्र वाटेंतच भेटला होता. आणि त्याचा उल्लेख कसा येतो? नाव हांकण्यास उजेड बरा होता, अशा बेतानें! प्रवाशाच्या हिशेबीं तो चंद्र रस्त्यावरच्या कंदिलाएवढाच उपयोगाचा ठरला. कारण तो काशिमाचा नव्हता, आणि पौर्णिमेचा नव्हता.

हें सर्व बाशोनें जाणून लिहिलें कीं नकळत लिहिलें, या प्रश्नाकडे आम्ही शेवटीं येऊं. आधीं काशिमाची रात्र पाहूं.

काशिमा येथें पूर्व जपानांतील अत्यंत प्राचीन देवस्थानांपैकीं एक आहे. ताकेमिकाझुचि या पराक्रमी देवाचें तें स्थान. मुख्य मंदिर शोगुन हिदेतादानें १६१९ सालीं बांधविलेलें, म्हणजे बाशो गेला तेव्हां तें उभें होतें. असें असतां वृत्ताच्या गद्यांत देवळाचें वर्णन मुळींच नाहीं. शेवटच्या कवितांत मात्र देवापुढें केलेली रचना आहे. युआसा यांनीं आपल्या भाषांतरास ‘काशिमा देवस्थानास भेट’ अशा अर्थाचें नांव दिलें आहे, तें आम्हांस पटत नाहीं. ही भेट देवस्थानाची नव्हे. भेट झाली ती एका म्हाताऱ्या गुरूची.

दुपारपासून पाऊस इतका लागला कीं चंद्राची आशा उरली नाहीं. तेव्हां कोम्पोन-जी मठाचे पूर्वीचे महंत डोंगराच्या पायथ्याशीं निवृत्त होऊन राहत आहेत असें ऐकून तिघे त्यांच्याकडे गेले व तेथेंच निजले. हे महंत म्हणजे बुच्चो. मठाच्या जमिनीवरून काशिमाच्या देवस्थानाशीं तंटा लागला होता, आणि त्याच्या कामासाठीं बुच्चोस एदोस येऊन फुकागावा येथें राहावें लागे. बाशोची झोपडी तेथेंच होती. शेजारधर्मांतून गुरुशिष्यसंबंध जुळला, व बाशोनें त्याच्यापाशीं झेन साधना केली. एवढें नातें असून वृत्तांत गुरूचें नांव नाहीं, जुन्या ओळखीचा उच्चार नाहीं, भेटीच्या वेळीं काय बोलणें झालें याची एक ओळ नाहीं. चित्त कांहीं काळ निर्मळ झालें, इतकेंच तो सांगतो. आणि तेंही चीनचा महाकवि तू फू (७१२–७७०) याच्या शब्दांच्या आधारानें सांगतो. तू फूची ती कविताही एका मठांत घालविलेल्या रात्रीचीच आहे, म्हणून येथील उसनवारी त्सुकुबाच्या उपमेसारखी वरवरची नाहीं. तथापि अगदीं हृदयाच्या गोष्टीच्या वेळीं कवि दुसऱ्याच्या शब्दांआड उभा राहतो, हें खरेंच. याला कोणी भिडस्तपणा म्हणेल, कोणी उणीव म्हणेल. आम्हांस त्यांत गुरूविषयींचा संकोच दिसतो. ज्याच्यापाशीं आपण बसलों त्याच्याविषयीं बाजारांत बोलूं नये, हा जुन्या माणसांचा स्वभाव आपल्याकडेही होता.

पहाटेच्या सुमारास आभाळ किंचित् उघडलें. महंतांनीं पाहुण्यांस हाका मारून उठविलें, आणि सारे उठून बाहेर पाहूं लागले. या जागीं लेखक एका शब्दानेंही भावना ओतीत नाहीं; पण म्हातारा मनुष्य पाहुण्यांच्या चंद्रासाठीं पहाटेपर्यंत आभाळाकडे लक्ष ठेवून होता, हें त्या हाकेवरून वाचकास आपोआप कळतें. चांदणें होतें, पावसाचा आवाज होता, मन भरून आलें, आणि बोलावयास शब्द सुचेनात. येथवर वृत्त आल्यावर साधारण लेखक काय करील हें आम्ही आरंभीं सांगितलेंच आहे. पावसांतला हा अर्धा चंद्र पूर्ण चंद्रापेक्षां शतपट सुंदर होता, असें तो म्हणेल.

बाशोपाशीं तर असें म्हणण्यास शास्त्राधारही तयार होता. चौदाव्या शतकांत केन्को या भिक्षूनें आपल्या ‘त्सुरेझुरेगुसा’ या प्रसिद्ध ग्रंथांत असें मत मांडलें आहे कीं फुलें केवळ पूर्ण बहरांत आणि चंद्र केवळ निरभ्र आकाशांतच पाहावा असें नाहीं. पावसांत न दिसणाऱ्या चंद्राची ओढ व रात्रभर वाट पाहिल्यावर पहाटे दिसलेला चंद्र यांत अधिक गोडी आहे. जपानी रसिकतेचें हें जवळजवळ सूत्रच होऊन बसलें आहे, आणि काशिमाची पहाट म्हणजे त्या सूत्राचें हुबेहूब उदाहरण! बाशोनें तें सूत्र नुसतें पुढें केलें असतें तरी त्याच्या अपयशाचें यशांत रूपांतर झालें असतें, आणि सर्व वाचकांनीं माना डोलविल्या असत्या. त्यानें तें केलें नाहीं. इतक्या दुरून चंद्र पाहण्यास येऊन तें व्यर्थ जावें ही खेदाची गोष्ट होय, असें तो सरळ म्हणून टाकतो.

हें वाक्य आम्हांस या वृत्ताचा कणा वाटतें. त्यानंतर तो जो आधार शोधतो तोही तत्त्वज्ञानाचा नाहीं; सोबतीचा आहे. फार पूर्वीं एक बाई कोकिळेसारख्या होतोतोगिसु पक्ष्याचें कूजन ऐकावयास गेली, आणि त्यावर कविता न करितांच परत आली. ती आपल्या बाजूची, असें तो म्हणतो. ही बाई म्हणजे ‘माकुरा नो सोशी’ या ग्रंथाची लेखिका सेइ शोनागोन. तिनें स्वतःच ती हकीकत लिहून ठेविली आहे. पक्षी ऐकावयास म्हणून मैत्रिणींसह गाडींतून गेली. वाटेंत एका घरीं भाताची मळणी पाहिली, पांढऱ्या फुलांच्या डहाळ्यांनीं गाडी मढविली, पाऊस आला, आणि सम्राज्ञीनें कविता कोठें आहे म्हणून विचारलें तेव्हां दाखविण्यास कांहीं नव्हतें. सातशें वर्षांनंतर एक कवि तिच्याकडे पाहून म्हणतो, बाई, आपण दोघे एकाच पंक्तींतले. आरंभींचे पूर्वकवि विद्वत्तेनें आले होते. ही बाई गरजेनें आली आहे. बाशोच्या पूर्वस्मरणांचा खरा उपयोग कोणता, हें या ठिकाणीं कळतें.

कोणी म्हणेल, घडलें तें लिहिलें यांत विशेष तें काय? विशेष आहे, कारण बाशो घडलें तसेंच लिहिणारा लेखक नव्हता. उत्तरेच्या प्रवासांत सोरानें ठेवलेली रोजनिशी १९४३ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तिच्याशीं ताडून पाहतां ‘ओकु नो होसोमिची’ मध्यें बाशोनें कित्येक दिवस, स्थळें व प्रसंग कलेच्या सोयीसाठीं हलविल्याचें उघडकीस आलें. त्याबद्दल आम्ही त्यास दोष देत नाहीं; वाङ्मय म्हणजे दप्तर नव्हे. परंतु यावरून एवढें सिद्ध होतें कीं पाऊस थांबविणें व पूर्ण चंद्र उगवविणें हें त्याच्या लेखणीच्या आवांक्याबाहेरचें नव्हतें. त्यानें काशिमाचा पाऊस पडूं दिला, तो नाइलाज म्हणून नव्हे. त्याला तो हवा होता म्हणून.

यानंतर कविता येतात. शब्द सुचेनात असें म्हटल्यावर लगोलग कवितांची रांग लागावी, हा विरोध कोणाच्याही लक्षांत येईल. पहिली रचना महंतांची. चंद्र आणि ढग यांवरून नित्य व अनित्य यांचा बोध तीत आहे. ती निर्दोष आहे, आणि बोधपर रचना जितकी हलवूं शकते तितकीच हलविते. शिष्याच्या दोन रचना वेगळ्या वळणाच्या आहेत. एकीत चंद्राची गति व भिजलेल्या झाडांची स्थिरता यांची सांगड आहे, आणि तीत बोधाचा लवलेशही नाहीं. दुसरी मठांतल्या आपल्याच गंभीर मुद्रेकडे किंचित् हसून पाहते. गुरूनें सिद्धांत दिला, शिष्यानें तो घेतला नाहीं, आणि तरी शिष्य गुरूचाच राहिला. सोरा व सोहा यांच्या रचना, तसेंच शेतें व माळ यांवरील पुढील रचना कमी-अधिक गुणांच्या आहेत. सहलीनंतर सर्वांनीं वहींत एक एक ओळ लिहावी तसें तिचें स्वरूप आहे. उत्तरकाळांत बाशोनें गद्य व कविता एकमेकांत विणून टाकण्याची कला साधली. येथें ती साधलेली नाहीं. गद्य संपतें आणि मग कविता उभ्या राहतात. रचनेच्या दृष्टीनें हा या वृत्ताचा सर्वांत मोठा दोष होय. पण शब्द न सुचण्याचा जो विरोध म्हटला, तो या दोषामुळेंच सुसह्य होतो. गद्य निःशब्द होऊन थांबतें. कविता त्यानंतरच्या, मन सावरल्यावरच्या, म्हणून वाचतां येतात.

आतां चतुर्दशीच्या चंद्राचा प्रश्न. तें अर्धें वाक्य जाणूनबुजून लिहिलेलें आहे काय? आमचें मत असें कीं लिहितांना बाशोस तें ठाऊक होतें. नावेंत बसलेला असतांना ठाऊक नव्हतें. नावेंतला प्रवासी उद्यांच्या चंद्राकडे निघाला होता, आणि आजचा चंद्र त्याच्या खांद्यावरून पाण्यांत पडत होता. वृत्त लिहावयास बसलेल्या कवीस ही गोष्ट दिसली नसेल हें संभवत नाहीं. ‘लख्ख’ हा शब्द आणि पुढच्याच वाक्यांतला पाऊस यांची शेजारशेजारची मांडणी सहज झालेली नाहीं. पण मागाहून सुचलेलें शहाणपण त्यानें त्या नावेंत नेऊन बसविलें नाहीं. मी तेव्हां तो चंद्र पाहावयास हवा होता, असा उसासा त्यानें टाकला नाहीं. जितकें दुर्लक्ष प्रत्यक्ष झालें तितकेंच वाक्यांत ठेविलें. म्हणून तो चंद्र वाचकासही प्रथम दिसत नाहीं, आणि पाऊस पडूं लागल्यावर पानें उलटून पाहावा लागतो. प्रवाशाची चूक वाचकाच्या हातून पुन्हां करवून घेणें, ही या गद्याची करामत आहे. ती आमच्या हातून झाली, हें आम्हीं वर कबूल केलेंच आहे.

आमच्या मतें प्रवासवर्णनाची खरी कसोटी येथें आहे. आज प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्रें काढणारें यंत्र आहे, आणि एका रात्रीच्या सहलीहूनही चंद्र घेऊनच परतलें पाहिजे असा दंडक पडून गेला आहे. ढग आले तर जुना चंद्र लावतां येतो. त्यामुळें आपण काय पाहिलें यापेक्षां आपण पाहिलें असें दाखवितां येईल काय, याचीच चिंता प्रवासांत अधिक वाहिली जाते. ‘काशिमा किको’ यावर प्रवचन करीत नाहीं. तें फक्त एक हिशेब मांडतें. इतके कोस चाललों, इतकीं फुलें पाहिलीं, मासळीचा वास आला, नावेंत चांदणें होतें, पाऊस पडला, म्हाताऱ्यानें हांक मारली, चंद्र धड दिसला नाहीं. हिशेबांत खोट आली ती खोट म्हणून लिहिली आहे. आणि वाचून संपल्यावर आपल्या पदरांत पडतें तें सारें त्या खोटेच्या अलीकडचें असतें.

बाशोनें पाहिलेला मुलूख आज ओळखूं येणार नाहीं. कामागाइच्या माळावर घोड्यांऐवजीं घरें आहेत, ग्योतोकुस टोकियोची भुयारी आगगाडी जाते, आणि काशिमाच्या किनाऱ्यावर १९६९ सालीं खुलें झालेलें बंदर व पोलादाचे कारखाने उभे आहेत. देवस्थानाची राई व तोनेचा रुंद प्रवाह मात्र आहेत. परंतु या वृत्ताचा आस्वाद घेण्यास तेथें जाण्याची गरज नाहीं. चार पानें, घटकाभराचा वेळ. आमच्या वाचकांनीं तीं घरांत मोठ्यानें वाचावीं, आणि मुलांनीं ‘मग चंद्र दिसला कीं नाहीं?’ असें विचारल्यास, उत्तर देण्यापूर्वीं एक पान मागें जावें.